पाठमोरी आई

ज्योत्स्नानं लुंबिनीवर हात उगारला तो एकदाच, जुलैतल्या एका सकाळी.

ज्योत्स्ना नांदेडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. गल्लीतल्या कस्तुराबाईंचा रक्ताचा रिपोर्ट तिनं आदल्या संध्याकाळी सोबत आणला होता आणि सकाळी जाताजाता देऊ म्हणून टीव्हीपाशी ठेवला होता. सकाळी बघते तर रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काळ्या स्केचपेननं एक बाई काढलेली. शाई पुढच्या बाजूला उतरली होती, आकडे वाचता येत नव्हते. आठ वर्षांची लुंबिनी शेजारीच बसून चहात खारी बुडवून खात होती. ज्योत्स्नाला उशीर झाला होता. तिनं काही विचारलं नाही, सरळ पोरीच्या गालावर चापट मारली.

लुंबिनी रडली नाही. हातातली खारी चहात पडली, एवढंच. थोरली संघमित्रा दारात उभी राहून सगळं बघत होती. तिनं पुढं येऊन बहिणीला उठवलं, तिचं तोंड पुसलं आणि ज्योत्स्नाकडं न बघता म्हणाली, "चल गं. शाळेला उशीर व्हायलाय."

लॅबमध्ये गेल्यावर दुसरा रिपोर्ट छापून घ्यायला दोन मिनिटं लागली. तो हातात घेऊन ज्योत्स्ना प्रिंटरपाशी बराच वेळ उभी होती.

दोघी मुली तिच्या थोरल्या बहिणीच्या. महामाया तिचं नाव, ज्योत्स्ना तिला आक्का म्हणायची. आक्काचं घर जळकोट तालुक्यातल्या एका खेड्यात. नवरा लिंबाजी गवंडी. वर्षातले आठ-नऊ महिने हैदराबादला बांधकामावर असायचा. गेल्या ऑक्टोबरात, सोयाबीनची काढणी चालू असताना आक्काला ताप आला. चौथ्या दिवशी तिला उदगीरला नेलं, तिथून लातूरला, आणि सहाव्या दिवशी ती गेली. डेंग्यू निघाला होता. लिंबाजीला पोरी घेऊन बांधकामावर राहणं शक्य नव्हतं. गावात आजी होती, धुरपताबाई, ज्योत्स्नाची आणि आक्काची आई. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिला स्वतःलाच भिंतीला धरून चालावं लागायचं. ज्योत्स्ना आणि तिचा नवरा आनंदराज यांना मूल नव्हतं. कुणी कुणाला फारसं विचारलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत मुली दोन पिशव्या घेऊन नांदेडला आल्या.

संघमित्रा तेरा वर्षांची. ती आली तशी अभ्यासाला लागली. परक्याच्या घरी राहतात तसं राहायची. ताट स्वतः घासायची, पाणी प्यायच्या आधी विचारायची. आनंदराजशी दोन शब्द बोलायची तरी. ज्योत्स्नाला मात्र फक्त उत्तरं द्यायची.

लुंबिनी चित्रं काढायची. मिळेल तिथं काढायची. पेपरच्या कडेला, स्कूटीच्या सीटवरच्या धुळीत, दारामागच्या भिंतीवर कोळशानं. चित्र बहुतेक एकच असायचं: एक बाई, पाठमोरी. डोक्यावर अंबाडा, खांद्यावरून आलेला पदर, खाली टाचा. कधी ती चुलीपुढं बसलेली, कधी डोक्यावर गवताचा भारा, कधी नुसतीच चाललेली. तोंड कधीच नसायचं. ही बाई कोण ते घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं.

आनंदराज अर्धापूरजवळच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर होता. त्या दिवशी ड्युटीवरून आल्यावर ज्योत्स्नानं त्याला सकाळचं सगळं सांगितलं. तो बूट काढत ऐकत होता.

"पोरीनं काढायचं तरी कुठं?" तो म्हणाला. "भिंतीवर काढलं की आपण पुसतो. पेपरवर काढलं की मी म्हणतो, अजून वाचायचा हाय. या घरात तिचा म्हणावा असा एक कागद दाखव मला."



घरामागं पत्र्याची एक पडवी होती. तिथं बिघडलेला कूलर, पंक्चर झालेली सायकल, रंगाचे रिकामे डबे असं काय काय वर्षानुवर्षं पडून होतं. रविवारी दोघांनी मिळून ते सगळं बाहेर काढलं. फरशी दोनदा धुतली. आनंदराजनं जमिनीपासून चार फुटांपर्यंत भिंतीला पांढरा चुना दिला. खाली बसून काढणाऱ्या पोरीचा हात त्याच्यावर पोचणार नव्हता, म्हणून तिथला जुना हिरवा रंग तसाच ठेवला. ओळखीच्या एका ठेकेदाराकडून त्यानं केबलच्या मोठ्या लाकडी ड्रमची एक बाजू मागून आणली, रंधा मारून तिची कुसळं काढली आणि ती चार विटांच्या थरांवर ठेवली. मांडी घालून बसलं की बरोबर छातीशी येईल असं गोल टेबल झालं. दोन खिळ्यांमध्ये दोरी बांधून तिला कपड्यांचे चिमटे लावले, ओली चित्रं वाळत घालायला. ज्योत्स्नानं मेणाचे रंग, पाण्याचे रंग, ब्रश आणले. शिवाय गेरू, कपड्याची नीळ, कोळसा. आनंदराजनं अर्धापूरहून केळीच्या खोडाची वाळलेली सालं आणली. का आणली ते त्यालाही सांगता आलं नसतं; त्यांचा रंग त्याला चांगला वाटला होता.

ज्योत्स्नानं मोबाईलवर असल्या खोल्यांचे दोन-तीन व्हिडिओ बघितले होते. त्याप्रमाणं तिनं सगळं डब्यांमध्ये भरून प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी लावली. आनंदराज बघून हसला. "रक्ताच्या बाटल्या मांडल्यागत दिसायलंय."

"इथं तू काहीपण काढ," ज्योत्स्ना लुंबिनीला म्हणाली. "भिंतीवरसुद्धा. कुणी रागावणार नाही."

लुंबिनीनं मान हलवली. मग ती त्या गोल टेबलाखाली शिरली आणि गुडघ्यांवर हनुवटी टेकवून बसली.

आठ दिवस ती तिथंच बसत होती. शाळेतून आली की टेबलाखाली. रंगांना हात नाही, भिंतीला हात नाही. ज्योत्स्ना लॅबमधून आली की पर्स हातात घेऊनच पडवीत जायची, वाकून बघायची. "आज काय काढणार मग?" "काहीच न्हाई." "हा निळा बघ किती छान आहे." लुंबिनी निळा बघायची आणि पुन्हा गुडघ्यात तोंड घालायची. दारामागचं कोळशाचं चित्रकामही बंद झालं होतं. आपण पोरीकडून होतं तेही काढून घेतलं, असं ज्योत्स्नाला वाटायला लागलं.

"तू रक्त काढताना पेशंटला काय म्हणतीस?" एकदा जेवताना आनंदराजनं विचारलं.

"काय म्हणते?"

"तिकडं बघा, सुईकडं बघू नका. म्हणतीस ना? मग. तू अशी वाकून बघत राहिलीस तर तिचा हात कसा चालंल?"

दुसऱ्या दिवसापासून ज्योत्स्ना पडवीत गेली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पडवीचा कोपरा दिसायचा, तर त्या खिडकीलाही तिनं पडदा लावला.

आनंदराज आपल्या सुट्टीच्या दिवशी मात्र तिथं जाऊन बसला. त्यानं लुंबिनीला हाक मारली नाही की काही नाही. एक कागद घेतला आणि त्याला येत होतं ते एकच काढायला लागला: विजेचे खांब. एक खांब, दुसरा खांब, तिसरा, आणि पट्टीनं मारल्यासारख्या सरळ तारा. पाचव्या खांबाला टेबलाखालून आवाज आला, "तारा अशा नसतात."

"कशा असतात?"

"मधी झोळ असतो."

"वीस वर्षं तारांखाली काम करायलोय मी," आनंदराज म्हणाला. "अन् तू शिकवतीस व्हय?"

लुंबिनी बाहेर आली. तिनं त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि पहिल्या खांबापासून पाचव्या खांबापर्यंत प्रत्येक तारेला झोळ काढला. मग तारांवर तीन पाखरं बसवली.

सप्टेंबर उजाडेपर्यंत चार फुटांची भिंत निम्मी भरली. शेळ्या, पाण्याची टाकी, आनंदराजची मोटारसायकल, शाळेतल्या बाई. गेरूची शेळी निळ्या रंगाच्या पाण्यात उभी. केळीची सालं चिकटवून केलेलं एक घर. आणि दोरीवर दर दोन-तीन चित्रांनंतर तीच बाई, पाठमोरी. संघमित्रा पडवीत पाऊल ठेवत नव्हती. पण ती आता आतल्या खोलीत न बसता पडवीच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसायची.

त्याच महिन्यात हैदराबादहून लिंबाजीचा फोन आला. ऑक्टोबरात आक्काचा पहिला स्मृतिदिन होता. गावातली माणसं येतील, बौद्धाचार्यांना सांगितलंय, सगळं नीट करायचं, असं तो म्हणाला. "फक्त फोटो न्हाई. एक मोठा फोटो पाहिजे, ज्योत्स्नाताई. फ्रेम करून."

आक्काचे फोटो नव्हतेच. तिच्या मोबाईलमध्ये होते, तो मोबाईल दवाखान्याच्या धावपळीत हरवला. लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्ला. ज्योत्स्नाच्या लग्नातल्या एका फोटोत ती होती, पण स्वयंपाकाच्या मांडवात, मोठ्या पातेल्याच्या वाफेत अर्धी झाकलेली. राहता राहिला आधारकार्डावरचा फोटो, नखाएवढा आणि राखेच्या रंगाचा.

"दाजी, तोच देते स्टुडिओत," ज्योत्स्ना म्हणाली. "आजकाल कॉम्प्युटरवर मोठा करून देतात."

आठवड्यानं तिनं फ्रेम घरी आणली आणि कागद सोडून टेबलावर उभी केली. स्टुडिओवाल्यानं राबून काम केलं होतं. आक्काचा चेहरा उजळ गोरा केला होता, ओठ गुलाबी, अंगावर जरीकाठाची साडी, गळ्यात मोत्यांचा हार. हनुवटीवरचं गोंदण डाग समजून पुसून टाकलं होतं. मागं निळं आभाळ. ज्योत्स्नाला ते खटकलं, पण तिनं स्वतःची समजूत घातली होती. काही नसण्यापेक्षा हे बरं.

संघमित्रा फ्रेमपुढं येऊन उभी राहिली.

"ही कोण?"

"अगं, मोठा करताना थोडा बदल होतो."

"थोडा?" संघमित्राचा आवाज चढला. वर्षभरात या घरात तो पहिल्यांदाच चढला होता. "आईनं जन्मात असली साडी नेसली न्हाई. हिच्या हनुवटीला गोंदण न्हाई. हिचे डोळेसुद्धा आईचे न्हाईत. ही ठेवायची काय तिथं? हिच्यापुढं मेणबत्ती लावायची?"

ती तडक पडवीत गेली. डब्यातला कोळसा उचलून भिंतीवर जोरात रेघा ओढायला लागली. कपाळ, गाल, हनुवटी. पण तिला काढता येत नव्हतं. चेहरा वांग्यासारखा झाला. तिनं हातानं पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा तसंच. भिंत काळी झाली. मागं लुंबिनी उभी होती. संघमित्रा तिच्याकडं वळली आणि कोळसा तिच्यापुढं धरला.

"तू काढ. तुला येतं ना? आईचं तोंड काढ."

लुंबिनीनं हात मागं घेतला.

"काढ ना! रोज बसून पाठच काढतीस. तोंड का काढत न्हाईस?"

ज्योत्स्ना दारात येऊन थांबली होती. लुंबिनीनं तिच्याकडं बघितलं, मग बहिणीकडं. तिचा आवाज इतका बारीक होता की नीट कान द्यावा लागला.

"मला आठवत न्हाई."

"काय आठवत न्हाई?"

"तोंड. पाठ आठवती. ती पुढं चालायची ना, मी मागं असायची. तोंड आठवायला गेले की आधारकार्डातलं येतंय."

संघमित्राच्या हातातला कोळसा खाली पडला. ती तिथंच फरशीवर बसली आणि तिनं लुंबिनीला काळ्या हातांनी जवळ ओढलं. दोघींचे फ्रॉक काळे झाले. वर्षभरात ज्योत्स्नानं संघमित्राला रडताना पाहिलं नव्हतं. आता ती आवाज न करता, खांदे हलवत रडत होती, आणि लुंबिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

बऱ्याच वेळानं संघमित्रानं नाक पुसलं. "मला आठवतंय," ती म्हणाली. "मी सांगते, तू काढ. मावशी, तू इथं बस."

"मी?"

"कपाळ तुझ्यासारखंच होतं. अन् भुवया."

ज्योत्स्ना पाट घेऊन बसली. पुढचे चार-पाच दिवस ती लॅबमधून आली की हातपाय धुऊन त्या पाटावर बसायची. लुंबिनी गोल टेबलावर कागद पसरून काढायची आणि संघमित्रा शेजारी उकिडवी बसून सांगायची. "कपाळ हेच, पण केस एवढे मागं न्हाईत. भुवया ह्याच. नाक मावशीचं न्हाई, आजीचं, बसकं. गाल एवढे भरलेले न्हाईत. इथं खड्डा. हसली की वरचा वाकडा दात दिसायचा, हा." कागदामागून कागद जायचे. जमलं नाही की लुंबिनी तो बाजूला सारून दुसरा घ्यायची, वैतागायची नाही. दोघी पोरी तिच्याकडं टक लावून बघायच्या तेव्हा ज्योत्स्नाला कळत नव्हतं, आपण कुठं बघावं. विशेषतः संघमित्राची नजर तिला सोसवत नव्हती. जी गोष्ट तिनं आनंदराजलाही सांगितली नव्हती ती तिसऱ्या दिवशी तिच्या तोंडून निघाली.

"आक्कानं मला फोन केला होता," ती म्हणाली. "ताप आला त्या दिवशी. काय करू म्हणून विचारलं. त्या महिन्यात मी रोज चाळीस-चाळीस जणांचं रक्त काढत होते. डेंग्यूचेच पेशंट सगळे. अन् तिला म्हणाले, साधा ताप असंल, गोळी घे, दोन दिवस बघ."

पेन्सिलचा आवाज थांबला नाही. संघमित्रा मात्र थांबली.

"माहीत हाय," ती म्हणाली. "फोन मीच धरला होता. तिचे हात राखेचे होते, म्हणून स्पीकरवर लावला होता."

म्हणजे ही पोर दहा-अकरा महिने हे मनात घेऊन आपल्या घरात ताट घासत होती.

"दुसऱ्या दिवशी ती सोयाबीनला गेली," संघमित्रा पुढं म्हणाली. तिची नजर फरशीवर होती. "अंग भट्टीसारखं तापलं होतं. मी म्हणले, जाऊ नको. ती म्हणाली, तू शाळेला जा, तुझी चाचणी हाय. मग मी गेले. मी थांबले असते तर ती गेली नसती. माझं ऐकायची ती, थांबले असते तर."

"मित्रा, तू लेकरू आहेस गं."

"तू पण तिची धाकटीच होतीस."

ज्योत्स्नानं डोळ्यांवर हात घेतला.

"मावशी, हलू नको," लुंबिनी म्हणाली. "कपाळ काढायलेय."

ज्योत्स्नानं हात खाली घेतला आणि तशीच बसून राहिली. गालांवरून पाणी वाहत होतं ते तिनं पुसलं नाही. संघमित्रा उठली, बहिणीच्या मागं जाऊन उभी राहिली आणि काही वेळानं नेहमीच्या आवाजात म्हणाली, "डावी भुवई जरा वर."

स्मृतिदिनाला ते चौघं आदल्या दिवशीच गावी गेले. फ्रेम लिंबाजीच्या ताब्यात दिली. लुंबिनीचं चित्र एका वर्तमानपत्रात गुंडाळून ज्योत्स्नाच्या पिशवीत होतं. ते कुणाला दाखवायचं की नाही हे ठरलं नव्हतं. सकाळी अंगणात पांढरी चादर अंथरली, टेबलावर बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर आणि शेजारी ती फ्रेम. पांढऱ्या लुगड्यातल्या बाया आल्या, जय भीम करून बसल्या. फ्रेमकडं बघून एकदोघी कुजबुजल्या, "महामायाच हाय का ही?" बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील दिलं. लिंबाजीनं मेणबत्ती लावली. संघमित्रानंही लावली. तिनं हट्ट केला नाही. बाप रात्रंदिवस राबून आला होता, आणि त्या फ्रेमला त्यानं घरभर फिरून जागा शोधली होती, हे तिनं पाहिलं होतं.

माणसं पांगल्यावर धुरपताबाई म्हणाली, "पोरींनी चित्र काढून आणलंय म्हणं. मला दावा की."

"आजी, तुला दिसत न्हाई ना," लुंबिनी म्हणाली.

"मग सांग. काय काय काढलंस?"

लुंबिनीनं कागद आजीच्या मांडीवर पसरला, तिचं बोट धरलं आणि रेघांवरून फिरवत सांगायला लागली. हे कपाळ. हे तुझं नाक. हे गोंदण. हा दात. म्हातारीचं बोट दातापाशी थांबलं आणि ती म्हणाली, "बैलगाडीतून पडली होती. सात वर्षांची असंल. तवापासून वाकडा."

लिंबाजी चहाचे कप गोळा करत होता. त्यानं मागून वाकून चित्र पाहिलं. कप तसेच हातात धरून तो उभा राहिला, मग ते खाली ठेवून घरामागं गेला. परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

दुपारनंतर त्याला उदगीरला जाऊन हैदराबादची गाडी धरायची होती. पिशवी भरून झाल्यावर तो लुंबिनीपुढं खाली बसला.

"बाई, हे मी नेऊ का गं? तिथं खोलीत लावतो."

लुंबिनीनं बराच विचार केला. "घडी घालू नको," ती म्हणाली.

"न्हाई घालत."

त्यानं कोपऱ्यातून प्लास्टिकच्या पाइपाचा एक तुकडा शोधून काढला, आतून फडक्यानं पुसला आणि चित्र गुंडाळून त्यात अलगद सरकवलं. दोन्ही तोंडांना कापड कोंबलं. फ्रेम गावातच, धुरपताबाईच्या खोलीत राहिली.

नांदेडला परतताना एसटीत लुंबिनी कंधारपर्यंत डोळे मिटून बसली होती. ज्योत्स्नाला राहवलं नाही. चित्र करायला पाच दिवस लागले होते, कागद किती वाया गेले होते, आणि पोरीनं ते एका शब्दात देऊन टाकलं होतं.

"वाईट वाटतंय का गं?"

"न्हाई. मला आता डोळे मिटले तरी दिसती."

"आधारकार्डातली नाही ना?"

लुंबिनीनं खरं ते सांगितलं. "कधी कधी तीच येती. मग मी थोडं थांबते. मग आई येती."

पलीकडं आनंदराजला डुलकी लागली होती, आणि संघमित्रा खिडकीची अडकलेली काच दोन्ही हातांनी मागं सरकवायच्या खटपटीत होती.